मी आडवी झाले नाही

ज्या बाईला आडवं झालं की दम कोंडतो, तिच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे. मी मराठी तिसरी पास, चौथीत बसले तर लग्न झालं, म्हणून अक्षर वाकडं आहे आणि कुठं थांबायचं ते कळत नाही, एका झपाट्यात लिहून टाकते नाहीतर धाप लागते. इस्पितळातल्या नर्सबाई म्हणाल्या, जैनब, तुझ्यासारखी दुसरी बाई आली की मी तिला काय सांगू? तू लिहून दे, मी वाचून दाखवीन. म्हणून बसले.

भिऊ नकोस असं मी सांगणार नाही. मला सगळे तेच सांगायचे आणि मला त्यांचा राग यायचा. मी फार भ्याले, अजून भिते. भीत भीतच सगळं केलं.

चिल्ला

आम्ही कोकणी मुसलमान, घर जुन्या नाशकात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. आमचे हे टांगा चालवतात, नाशिक रोडचं स्टेशन ते गाव. घरात हे, मी आणि सासू. सासूला अम्मा म्हणतो. हमीदा झाली, पहिलीच. बाळंतपणानंतर चाळीस दिवस चिल्ला पाळायचा. त्या दिवसांत बाईला नमाज माफ असते. खोलीत बसायचं, शेक घ्यायचा, खायचं, मूल पाजायचं.

मला तेव्हाच धाप लागायची, पाय सुजले होते, रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. अम्मा म्हणायची, "पहिलटकरीण आहेस, चालायचंच." आणि वाकायचं कामच कुठं होतं? केर अम्मा काढायची, चूल अम्मा बघायची, नमाज माफ. त्यामुळं कुणाला कळलं नाही, मलाही नाही.

चिल्ला उतरला त्या दिवशी न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं, मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. अम्मानं आपल्या हातानं जानमाज, म्हणजे नमाजाची सतरंजी, अंथरली. मी उभी राहिले, वाकले, सजद्याला गेले, कपाळ जमिनीला लागलं आणि श्वासच बंद. जसा कुणी मानेवर पाय दिला. कशीबशी उठले, परत गेले, परत तेच. तिसऱ्या वेळी कपाळ टेकलंच नाही, मी कुशीवर कलंडले.

बायकांमधून मग एक हळूच म्हणाली, "जमीन घेत नाही हिला."

अम्माचं तोंड पांढरं पडलं. "काय केलंस गं? चिल्ल्यात कुठं बाहेर पाय ठेवलास का?"

"संडासाला गेले, अम्मा."

एकदोघी हसल्या, पण मला हसू आलं नाही. मला ते खरंच वाटलं. वाटलं, अल्लानंच माझं कपाळ ढकललं. आणि मी काय केलं ते ऐक, म्हणजे तू करणार नाहीस. दवाखान्यात जायचं सोडून मी दार लावून घ्यायचे आणि सजदा करून बघायचे. आज घेतो का, आता घेतो का. रोज. डोळ्यापुढं अंधारी येईपर्यंत. जितकी जास्त वाकायचे तितकी जास्त कोंडायचे, आणि जितकी कोंडायचे तितकी तोबा करत परत वाकायचे. असे किती दिवस गेले. दुखणं त्यात वाढलं.

टांगा

एकदा दुपारी हे घरी आले तर मी माडीचा जिना हातापायांवर चढत होते. आमचे हे माझ्याशी बोलतात त्याहून घोड्याशी जास्त बोलतात. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चल."

अम्मानं टांग्याला चारी बाजूंनी पडदा बांधला, मला बुरखा घातला, हमीदाला घेऊन शेजारी बसली. गल्ली संपेस्तोवर कशी तरी बसले. मग आत हवाच राहिली नाही. मी तोंडावरचा बुरखा वर टाकला आणि पडद्याची गाठ ओढून काढली.

"अगं लोक बघतायत!"

"बघू दे. मेलेली बघण्यापेक्षा बरं."

अम्मा यांना म्हणाली, पडदा बांध. हे घोड्याला म्हणाले, "चल बेटा, चल," आणि पडदा उडत राहिला.

इस्पितळातले डॉक्टर म्हातारे होते. छातीला नळी लावली, पायावर अंगठा दाबला तर खळगा पडला तो पडलाच. मग यांच्याकडे वळून सांगायला लागले, बाळंतपणानं हिचं काळीज थकलंय. मी म्हटलं, "साहेब, काळीज माझं आहे. मला सांगा." अम्मानं मला चिमटा काढला. पण ते वळले आणि मला सांगितलं. इथं राहायचं, महिने लागतील. अंगावर पाजायचं बंद. पुढं मूल होऊ द्यायचं नाही, झालं तर जीव जाईल.

"मी वाचेन का?"

"काही वाचतात."

"मग मी त्यातली," मी म्हटलं. कुठून आलं तोंडात, ठाऊक नाही.

मग भीत भीत विचारलं, कपाळ जमिनीला टेकलं की दम कोंडतो, तो का? ते म्हणाले, वाकलं, आडवं झालं की पाणी छातीवर चढतं, म्हणून. मी रडायला लागले. त्यांना वाटलं, भ्याली. मी सुटले म्हणून रडत होते. पाणी होतं ते. अल्लानं मला ढकललं नव्हतं.

हमीदा

आपा म्हणजे यांची थोरली बहीण, कळवणला दिलेली, नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. तिची तीन मुलं झाली, एकही जगलं नाही. ती सर्व्हिस मोटारीनं आली आणि हमीदाला उचलून छातीशी धरलं. मी तिचं तोंड बघितलं आणि तेव्हाच कळलं, ही परत देणार नाही.

सगळे म्हणाले, सब्र कर, धीर धर. हे म्हणाले, अम्मा म्हणाली, मोहल्ला म्हणाला. अम्मा तर माझ्या तोंडावर बोलली, "पोरीला दुसऱ्या मांडीची सवय होऊ दे. तुझं काय सांगता येतं?"

मी म्हटलं, "सब्र मी अल्लाजवळ करीन, तुमच्याजवळ नाही. पोर मला परत पाहिजे."

आपा म्हणाली, "आधी बरी तर हो." वाईट बोलली नाही ती. पण गेली हमीदाला घेऊन.

त्या आठवड्यात चोळी भिजायची. पलीकडच्या वॉर्डात कुणाचंही पोर रडलं तरी भिजायची. नर्सबाईंनी छाती घट्ट बांधली. त्यानं आणखी दम कोंडायचा. ते दिवस मला लिहिता येत नाहीत.

मातीनं तोंड धुणारी

माझ्या शेजारच्या खाटेवर तान्हाबाई होती, घोटीकडची, भाताच्या बांधावरून घसरून मांडीचं हाड मोडलेली. तिला उताणं निजवून पायाला वजन टांगलं होतं, तिला उठायची बंदी. मला तीन उशा लावून बसवलेलं, मला निजायची बंदी. ती म्हणायची, "तुझं बसणं मला दे न् माझं निजणं तू घे, दोघी सुखी व्हऊ."

सकाळी काचेची नळी जिभेखाली, मग थेंबांचं कडू औषध, मग अळणी पेज. मीठ बंद. अळणी खाऊन खाऊन तोंडाला मातीची चव आली होती. तान्हाबाईच्या भाकरीबरोबर मिरचीचा खर्डा असायचा, ती मला नुसता वास द्यायची. "हुंग. वासाला मीठ नसतं."

नमाज मी सोडली नाही. पण उठून हातपाय धुऊन वजू करायची ताकद नव्हती, म्हणून यांना सांगून एक कच्ची वीट आणवली. पाणी झेपत नसलं की चोख मातीवर हात टेकून तोंडावर, हातावर फिरवायचे असतात. तान्हाबाईनं पहिल्यांदा बघितलं तर ओरडलीच, "अगं ये, मातीनं तोंड धुतीस व्हय? येडी झाली का काय!" मी सांगितलं, देवाचं नाव घ्यायला स्वच्छ होते. ती विटेकडं बघून म्हणाली, "माती कुठली हाय? घोटीची आन. लय चांगली." झाडूवाली ती वीट रोज बाहेर टाकायची, हे रोज परत आणायचे.

नमाज कशी पढायचे ते सांगते, कारण तुला लागेल. उभं राहवेना तर बसून. वाकवेना तर मान हलवून. एक दिवस मानही हलेना. माझ्या बाबांनी लहानपणी शिकवलं होतं, काहीच जमलं नाही तर डोळ्यांनी पढ. तशी पढले. पापणी थोडी मिटली की वाकले, पुरती मिटली की सजदा. आणि शब्द दमात मावायचे नाहीत. एका श्वासात 'अल्ला' एवढंच यायचं. मग थांबायचं. पुढच्या श्वासाला पुढचा शब्द. निरोगी बाई चुलीवर दूध तापेस्तोवर पढून होते, मला दुपार पुरायची नाही. पण एक झालं. शब्दाला थांबले की भीतीला बसायला जागा राहायची नाही. पुढचा श्वास येतो का नाही, हे बघण्यापेक्षा पुढचा शब्द कुठला हे बघायचं. त्यानं मला धरून ठेवलं. बाकी कशानं नाही.

आणि दुआ? दुआ म्हणजे भांडण होतं. इथं खोटं लिहिणार नाही. मी म्हणायचे, हमीदा तू दिलीस, मी मागितली नव्हती, दिलीस तर आता काढू नकोस. मी मागत राहणार. तू कंटाळ, मी कंटाळणार नाही. असं बोलावं का, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुणाशी भांडायची मला सोय नव्हती, आणि ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याशीच माणूस असं भांडतं.

यासीन

एकदा भेटीच्या वेळेला अम्मा आणि मोहल्ल्यातल्या दोन बायका आल्या. त्या दिवशी सकाळपासून मी वाईट होते. ओठ निळे पडले, बोट हलेना, डोळे वर जायला लागले. नर्सबाई डॉक्टरांना बोलवायला पळाल्या.

तेवढ्यात अम्माला वाटलं, वेळ आली. आमच्यात माणूस जायला लागलं की त्याचं तोंड काब्याकडं करतात, उजव्या कुशीवर नीट निजवतात, मधाचं पाणी तोंडात सोडतात आणि कुराणातलं यासीन पढतात, म्हणजे जीव सोपा जातो. अम्मानं ते सगळं मायेनं केलं, हे मी शपथेवर सांगते. रडत होती. तिनं माझ्या पाठीमागच्या उशा काढल्या, तिघींनी मला धरून मावळतीकडं तोंड करून आडवं केलं आणि अम्मा पढायला लागली.

मी बुडाले. विहिरीत बुडतात तशी, कोरड्या खाटेवर. चमच्यातलं मधाचं पाणी ठसक्यात गेलं. यासीनचा आवाज लांब गेला, गोड वाटायला लागला. मनात आलं, हीच मर्जी असेल. सगळे म्हणतायत तर असेल. सोडून देऊ. आडवं राहणं किती सोपं होतं, बाई.

आणि मला राग आला. अल्लाचा नाही. मी म्हटलं, तुझा कलाम ऐकवून हे मला मारतायत, आणि तू बघतोयस. मग मला उठव.

तान्हाबाई तिकडून केकाटली, "ए म्हातारे! मारतीस का पोरीला! बसती कर तिला! अगं कुणी हाय का रं!" बिचारीला जागचं हलता येत नव्हतं, तिनं पाण्याचा तांब्या फेकला, तो खाटेच्या पायाला लागून खणखणत गेला. बायका दचकल्या. मी खाटेचं लोखंड धरलं. दुसऱ्या हातानं अम्माची ओढणी धरली, गळ्याशी धरली, आणि तिच्या ओढणीला लोंबकळून वर आले.

"उशी," म्हटलं.

अम्मा पढायची थांबली.

"उशी... दे. कलमा... बसून... म्हणते."

"जैनब, बेटा, झोप, आता सुखानं..."

"आडवी... नाही... होणार." एकेक शब्द मी ओढून काढला. "बसून... मरेन. पण... आज... नाही."

डॉक्टर धावत आले, कुणीतरी बायकांना बाजूला केलं, सुई टोचली. उशा लावायला वेळ नव्हता, म्हणून नर्सबाईंनी अम्मालाच खाटेवर ढकललं, "हिच्या पाठीशी बसा!" अम्मा बसली. तिच्या पाठीला पाठ लावून मी बसले, दिवस मावळेस्तोवर. तिचं अंग हुंदक्यानं हलायचं आणि त्याबरोबर मी हलायचे. मग ती परत यासीन पढायला लागली, हळू, बसल्या बसल्या. मी म्हटलं, "पढ. आता पढ." त्या वेळचं यासीन मला लागू पडलं. तेच शब्द होते.

त्या सुईनं अंगातलं पाणी सुटलं. लाज वाटते पण लिहिते, दुसऱ्या दिवशी नर्सबाई भांडी उचलून उचलून दमल्या आणि तान्हाबाई म्हणाली, "गोदावरीला पूर आला वाटतं." पाय पातळ झाले. पायाचा घोटा मला परत दिसला तेव्हा मी त्याला हात लावून बघितला.

एकदम कुणी बरं होत नाही. पुढं महिने गेले. दोन पावलं, मग खिडकी, मग व्हरांडा. परत पडायचे, परत उशा. पण अम्मा रोज यायची आणि आल्याबरोबर आधी उशा मोजायची, मग 'कशी आहेस' विचारायची.

कळवण

घरी आले. माझ्या तोंडी एकच, हमीदाला आणा. आपाचा निरोप यायचा, पोर मजेत आहे, दात आलेत, रांगते. आणायचं कुणी बोलेना. शेवटी हे म्हणाले, मान खाली घालून, "आपा म्हणते तिकडंच राहू दे. तुला परत काही झालं तर पोरीचे हाल. तिलाही कुणी नाही. आपण जाऊन भेटत जाऊ."

"तुमचं काय म्हणणं?"

त्यांनी चाबूक उचलून पुसायला घेतला.

"घोड्याला सांगा मग, मी ऐकते," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, मग डोळ्याला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीनं दिंडोरी, वणी करत कळवणला गेलो. अम्मा ओरडत राहिली, वाटेत मरशील. मी म्हटलं, मोटारीत बसूनच जायचं असतं, अम्मा.

हमीदा आपाच्या कडेवर होती. गुटगुटीत. मी हात पुढं केले तर तिनं तोंड फिरवून आपाच्या मानेत घातलं.

"बघ," आपा म्हणाली. "ओळखत नाही तुला."

"नाही ओळखत. मी ओळखते ना."

मी ओढून घेतलं नाही. तिच्या ओसरीवर बसले आणि बसूनच राहिले. हे टांग्यासाठी परत गेले, मी राहिले. पोरीला बसून भरवायचं, बसून न्हाऊ घालायचं, ती रांगत लांब गेली की परत यायची वाट बघायची. तिथंच पाच वेळा बसून नमाज. आपा टोमणे मारायची, "पाहुणी आलीस का ठाण मांडून बसलीस?" मी म्हणायचे, "ठाण." हळूहळू पोर माझ्या गुडघ्याला धरून उभी राहायला लागली. आपाला ते दिसायचं. बांगड्या पुसता पुसता तिचे हात थांबायचे.

एक दिवस ती उठली. हमीदाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "उचल. विहिरीपर्यंत ने आणि परत आण. मला बघू दे. आणलीस तर घेऊन जा. नाही जमलं तर पुन्हा मागायचं नाही. कबूल?"

विहीर गल्लीच्या टोकाला होती. मला घरात पाण्याची कळशी उचलायची बंदी होती.

"कबूल," मी म्हटलं.

पोर जड होती आणि आपाकडं हात करून रडत होती. जाताना नीट गेले. एक श्वास, एक शब्द, तसंच. विहिरीवर बायका होत्या. एक तिकडच्या बोलीत म्हणाली, "कोनी पोर शे वं माय?" कुणाची पोर, म्हणून. मी म्हटलं, "माझी." मोठ्यानं म्हटलं, त्यात दम गेला. परतताना अर्ध्या गल्लीत डोळ्यापुढं अंधारी आली. आपा दारात उभी, कंबरेवर हात. मी एका घराच्या पायरीवर बसले. काळीज कानात वाजत होतं. हमीदा लाथा मारत होती, मी तिला दोन्ही हातांनी धरलं. अल्लाला काही मागितलं नाही तेव्हा, सगळं मागून झालं होतं. त्याचं नाव घेत बसले. त्याला घाई नव्हती, मीही केली नाही.

मग उठले. दारापर्यंत आले. आपानं वाट सोडली नाही.

"थांबलीस," ती म्हणाली.

"थांबले. खाली ठेवली नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल. मग बाजूला झाली, आत गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात पोरीच्या झबल्यांचं गाठोडं होतं, घड्या घातलेलं.

"गूळ देऊ नकोस तिला," आपा म्हणाली. "मागते फार, पण पोट बिघडतं. आणि उजव्या कुशीवर थोपटलं तरच झोपते."

मी बरं म्हटलं. तिला म्हटलं, "आपा, पोर इथं राहणार नाही. तू तिकडं ये. वाटेल तितकी राहा." ती म्हणाली, "बघू." डोळे पुसले नाहीत तिनं, तसेच ठेवले. मग हमीदाकडं बोट करून माझ्यावर खेकसली, "अगं नीट धर! मान बघ तिची!"

मी नीट धरली.